बाच्या धोतराचा सोगा

श्रीलंकेत मी काही धड पाहिलं असेल, तर तो माझ्या बाच्या धोतराचा सोगा. अनुराधपुरात केवढे थोरले ते स्तूप, दोन हजार वर्षांच्या विटा! लोक माना वर करून पाहत होते आणि मी खाली, बा कुठे वाकतो ते.

आमच्या तांड्यातला माणूस परगावाहून बी आणल्याशिवाय परतत नाही. आमच्या परसातला वाल बोरी अरबच्या बाजारचा, दोडका झरीकडच्या जंगलातल्या कोण्या गावचा. बाला समुद्र दाखवावा म्हणून मी मास्तरीणबाई त्याला घेऊन निघाले, तर त्यानं ही सवयही विमानात घातली. बोधिवृक्षाजवळ काही उचललं, सोग्याला गाठ. सिगिरियाच्या खडकावर धापा टाकत राजाच्या पडक्या महालात पोचलो, तर हा बसून गवताची ओंबी चोळतोय! कँडीच्या तळ्याकाठी पुन्हा तेच.

"बा, टाक ते."

"पडेल हाये व माय. कोणाचं तोडून नाही राह्यलो."

सिंहराजा नावाच्या राखीव जंगलात शिरताना फलक वाचला. पान, बी, किडा, काहीही बाहेर नेणं गुन्हा. वर झाडांचं छप्पर, अंगावर टपटप पाणी, मोज्यांवर जळवा. गाईड निळा पक्षी दाखवत होता आणि माझ्या डोक्यात एकच: बाला धरलं, पासपोर्ट ठेवून घेतला, तर या परक्या मुलखात मी कोणाच्या पाया पडू? तीनदा विचारलं, इथलं काही घेतलं का. तीनदा तो "नाही" म्हणाला. माझा विश्वास बसेल तर ना!

बाहेरच्या चौकीवर वनरक्षक पिशव्या तपासत होता. बाचा हात सोग्याकडे गेला आणि माझा तोल सुटला.

"चोर हायेस का बा तू? सोड ते गाठ! दाखव सगळ्याईले!"

रांगेतले सगळे वळून पाहू लागले. बानं गाठ सोडली. पिंपळाचं एक पान, गवताची ओंबी, तळ्याकाठच्या चारदोन बिया. वनरक्षकानं हातावर घेऊन पाहिलं, गाईडशी बोलला, हसला आणि सगळं परत बाच्या तळव्यावर ठेवलं. सिंहराजाचं त्यात काहीच नव्हतं. फाटकाबाहेर बानं ते चिखलात टाकून दिलं. मी आडवी आले, "राहू दे बा, चालते म्हणते तो." तो रिकामा सोगा झटकून पुढे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी गॉलच्या किल्ल्यावर गेलो. तटाखाली समुद्र उसळत होता. बानं तो पाहिला, पण दोन्ही हात पाठीमागे धरून. दिवसभर तसाच चालला, कुठे वाकला नाही, कशाला शिवला नाही.

दुपारी खानावळीत बसलो. टेबलावर पाण्याचे दोन गिलास आले. मी माझा रिकामा केला तरी बाचा तसाच. मग माझ्याकडे पाहून तो हळूच म्हणाला, "हे घेऊ का मी?"