हीटरची माफी मागणारे काका

ग्योतोकुतले आमचे जपानी मेकॅनिक काका कुठलाही हीटर उघडण्याआधी त्याला "सुमिमासेन" म्हणतात, म्हणजे "माफ कर." गिऱ्हाइकाशी मात्र ते मोजकंच बोलतात. गेल्या हिवाळ्यात आईबाबा पुण्याहून आले होते. त्यांना बर्फ दाखवायला निघणार, तोच आमच्या कॅम्पिंग कारचा, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीचा, हीटर पेटून लगेच विझायला लागला. गाडी काकांच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी खाली शिरून पाहिलं.

"धुराचा पाइप तडकलाय. झोपेत धूर आत येईल. गाडी देणार नाही."

"हीटर लावणारच नाही आम्ही! रजया घेऊन झोपू," मी विनवलं.

"आई कुडकुडायला लागल्या की लावाल," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या कॅम्पिंग कारची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी वाकून आभार मानेपर्यंत ते पुन्हा आमच्या गाडीखाली शिरले होते.