वहिनीने बर्फात ठेवलेलं रक्त

सुरेखा वहिनीचा रिपोर्ट आला तेव्हा रनाळ्याच्या घरात तिच्या दहाव्याचा स्वयंपाक चालला होता. आप्पाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मोबाईल माझ्यापुढे धरला. "काय लिखेल शे?" मी सुरतच्या डॉक्टरांना फोन लावला. हे आधी कळलं असतं तर औषध लगेच सुरू केलं असतं, ते म्हणाले. फोन ठेवून मी पोळ्या लाटायला जाऊन बसले.

वहिनी गावची आशाताई. नवी नवरी असताना चारचौघांत बोलायला लाजायची. पण हे काम मिळालं आणि सगळं गाव तिच्या धाकात आलं. लसीकरणाच्या दिवशी डबा खांद्याला अडकवून निघायची. चारी बाजूंनी बर्फ, मध्ये लस. कुणी उगाच झाकण उघडलं की तिचा पारा चढायचा. "थंडी गई ते लस मरनी!" एकदा तिने सरपंचांनाही असंच झापलं होतं. मला तिचा तो तोरा फार आवडायचा.

या उन्हाळ्यात तिला ताप आला, तो हटेचना, म्हणून तिला सुरतला दाखवलं. रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या. त्यांच्यातच बिघाड दिसतो, त्या मोजल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही, असं सुरतचे डॉक्टर म्हणाले. तिला पुन्हा प्रवास झेपणार नव्हता. नंदुरबारच्या एका लॅबचा माणूस घरी आला, रक्त काढलं, नळी आप्पाच्या हातात ठेवली. "उद्या सकाळपर्यंत सुरतला पोचवा," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. आणखी एक वाक्य बोलायला त्याचं काय जात होतं?

आप्पा नळी खिशात घालायला लागला, तशी वहिनी तापातच उठून बसली. "खिसामा? उन्हायाना दिन शेतस!" तिने घरातला जुना लशीचा डबा काढायला लावला, शेजारणींच्या फ्रीजमधून बर्फ मागवला आणि स्वतःचं रक्त अगदी मधोमध ठेवलं. कुणाही साहेबाने पाठ थोपटावी असं नेटकं काम. आप्पा डबा मांडीवर घेऊन सुरतेला गेला, वाटेत झाकणाला हातसुद्धा लावला नाही. तिथल्या खिडकीतल्या बाईने डबा उघडला आणि सांगितलं, नमुना बाद. या पेशी जिवंत मोजायच्या असतात, बर्फाने मरतात. साध्या हवेत ठेवून आणायच्या.

आज ती जाऊन महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, नशीब. कसलं नशीब? जन्मभर तिच्याकडून थंडी सांभाळून घेतली, आणि या तपासणीच्या रक्ताला ती चालत नाही हे सांगायला एकालाही तोंड नव्हतं... मला अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नाही.

पहिली नळी बाद झाल्यावर लॅबवाला सवडीने परत आला होता, त्यात आठवडा गेला. आम्ही वहिनीला खरं सांगितलंच नाही; नमुना खराब झाला, एवढंच म्हणालो. दुसरी नळी आप्पाने शर्टाच्या खिशातून नेली. परत आला तेव्हा ती खाटेवर डोळे मिटून पडली होती. चाहूल लागताच पुटपुटली, "पहिले बरफ कमी पडना हुई... आते गच्च भरी दिधा ना?"

"हा," आप्पा म्हणाला, "गच्च भरी दिधा."

तिने समाधानाने मान हलवली आणि घोटभर पाणी मागितलं.