उघडलेली कुपी

डाव्या हाताची तीन बोटं चेचलेली, ओठाला टाके, आणि तरी थोरली म्हणत होती, "उद्या जाणार. टोचायला एक हात पुरतो." आईच्या जिवाला हाच घोर लागून राहिला होता.

थोरली परिचारिका. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. लसीची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. ते तिच्या जिवावर यायचं. म्हणून रांग संपली की ती सरळ रस्त्यावर उतरायची. काल तिने समोरच्या न्हाव्याची बाही धरली. "काका, लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवता आणि सुईला भिता?" न्हावी खो खो हसत आला.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. हसणं कापलं, ओढणं ठेवलं. वर मजकूर : 'माणसं ओढून नेतात, विष टोचतात.' रात्रीपर्यंत ते घरोघरी पोचलं.

सकाळी जमाव लसीकरण केंद्राचं दार फोडूनच आत घुसला. खुर्च्या भिरकावल्या, काचा फोडल्या. तिला केस धरून फरफटवलं, तोंडावर लाथ घातली. "हिलाच टोचा!" म्हणत एकाने वापरलेली सुई तिच्या दंडात खुपसली. सोडवायला धावलेल्या न्हाव्याचं डोकं फुटलं. थोरली लसीची पेटी पोटाशी कवटाळून बसली, आणि लोखंडी स्टूल उचलून तिच्यावर घालणारा तिचा सख्खा मामा होता. मारणाऱ्यांनी हेही मोठ्या अभिमानाने टिपून सगळीकडे पाठवलं होतं. आईने ते पाहिलं.

संध्याकाळी मामा घरी आला.

"ताई, मी भाचीला हात लावला नाही. पेटीवर मारलं."

"पेटी तिच्या पोटाशी होती रे."

"मग सोडायची ना! विष आहे ते. तू बघत नाहीस, रोज किती व्हिडिओ येतात?"

"माझ्या पोरीचा आला. तेवढा पुरे."

तो उठला. "उद्या आम्ही परत जाणार. ती तिथे दिसली तर मग माझं नाव नको घेऊस."

दार आपटलं. आतून थोरली म्हणाली, "आई, जाऊ दे. मामा आहे. घरातलं घरात राहू दे."

ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याला तुरुंगात धाडायचं? पण उद्या ते स्टूल डोक्यात बसलं तर?

तिने फोन उचलला.

"पोलीस ठाणं ना? मारणाऱ्यांपैकी एकाचं नाव सांगायचंय. माझा भाऊ आहे."