कपाटातल्या देवांची यादी

पुस्तक आलं की मी रजिस्टरला नोंद करते, शिक्का मारते, पाठीवर क्रमांक चिकटवते. किश्शांना शिक्का कुठे मारणार? ते येतच राहतात आणि साठतच राहतात. बाकीचे लोक हसतात आणि विसरतात. मी विसरत नाही, कारण प्रत्येक किश्शाच्या वेळी मी कुणावर तरी चिडलेली असते. चिडलेल्या माणसाला सगळं लक्षात राहतं!

जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या छोट्या ग्रंथालयाची मी ग्रंथपाल. गावातले डॉक्टर वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांचे कॉमिक्स आम्हाला दिले. इंग्रजी आणि हिंदी मिळून दोनशे बारा अंक, लोखंडी कपाटासकट. "ह्यांनी एकेक अंक जपून ठेवला होता हो. एकही हलू देऊ नका," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी शब्द दिला. तेव्हापासून त्या कपाटाला कुणी धक्का जरी लावला तरी माझं डोकं फिरतं.

* * *

यादीची सुरुवात दत्ताभाऊंनी केली. दत्ताभाऊ राजुरीचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. इंग्रजी येत नाही, पण चित्र बघून कोणाची ताकद किती ते बरोबर ओळखतात. दर रविवारी सकाळी येणार आणि खिडकीजवळच्या बाकावर बसणार. शेजारी कांबळे सर. तेही रिटायर, प्राथमिक शाळेचे शिक्षक. बौद्ध माणूस, देवाधर्माच्या वाटेला न जाणारा. पण कॉमिक्समधल्या देवांवर त्यांच्याइतका अभ्यास जिल्ह्यात कुणाचा नसेल.

वाद एकच. ह्या सगळ्यांत सर्वात ताकदवान कोण?

नुसते उडणारे, भिंती फोडणारे ह्यात धरायचे नाहीत. विश्व बनवणारे, विश्व मोडणारे, तेवढेच. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात म्हणून ह्यांनी मराठी नावं पाडली. नुसतं बघून जग नाहीसं करणारा तो पुसणारा. सगळ्या जगांच्या तळाशी मांडी घालून बसलेला, उठला तर सगळं कोसळेल असा तो बसका. काळाची दोरी ओढून कालचा दिवस परत आणणारा तो दोरीवाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

नियम एकच होता, तोही दत्ताभाऊंचा. दावा केला की अंक काढून पान दाखवायचं.

एकदा त्यांचे मंचरचे पाहुणे आले. जावयाचे भाऊ, अंगावर कडक इस्त्री. यादी बघून हसले. "ही यादीच चुकीची आहे. मी सगळे पिक्चर बघितलेत, तेही थेटरात!"

"पान दावा," दत्ताभाऊ म्हणाले.

"पान कशाला? पिक्चर बघितलेत म्हणलं ना!"

"पावणं, तुमचं तिकीट दुसऱ्या गाडीचं हाये. उतरा!"

पाहुणे खरंच उठून गेले. संध्याकाळी दत्ताभाऊंच्या लेकीचा फोन आला आणि त्यांना अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. पण यादी बदलली नाही.

* * *

दोन नंबरवरून जे झालं ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

दत्ताभाऊंचं म्हणणं, दोरीवाला दोन नंबर. "बसका उठला, समदं कोसळलं, मान्य! पर ह्यो दोरी वढणार आन काल परत आणणार. काल बसका बसलेलाच व्हता की!"

कांबळे सर चष्मा काढून म्हणाले, "दोरी ओढताना तो उभा कशावर आहे? बसक्यावरच ना?"

झालं! दोघांचं बोलणं बंद. बाक सोडायला मात्र कुणी तयार नाही. एकाच बाकावर, मध्ये हातभर जागा ठेवून बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे.

"ताई, सरांना सांगा, पंखा बारीक करा म्हणावं."

"ताई, त्यांना सांगा, हात माझ्याइतकाच त्यांचाही पोचतो."

दोन रविवार मी हे सहन केलं. तिसऱ्या रविवारी हातातलं रजिस्टर टेबलावर आपटलं. "दोघंही बाहेर व्हा! विश्वं चालवायला निघालेत आणि एक पंखा चालवता येईना!"

दोघं निमूट बाहेर गेले. दहा मिनिटांनी खिडकीतून बघितलं तर पायरीवर शेजारी शेजारी बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. दत्ताभाऊ म्हणत होते, "सर, ताईंला लई राग येतो."

"फार," सर म्हणाले. त्या दिवसापासून बोलणं पुन्हा सुरू झालं.

* * *

कांबळे सरांचा राग वेगळा. माझ्यासारखा भसकन पेटत नाही, आतल्या आत धुमसतो.

एका रविवारी ते लाल पेन घेऊन आले आणि यादीतल्या प्रत्येकाला शंभरपैकी मार्क द्यायला बसले. ताकदीचे पन्नास, ताकद वापरून केलेल्या कामाचे पन्नास. पुसणारा तेव्हा एक नंबरवर होता. ताकदीचे पन्नासपैकी पन्नास मिळाले. कामाचं शून्य. पाससाठी सरांनी साठ मार्क ठरवले होते.

"नापास," सर म्हणाले.

"अवो सर, त्यो नुसत्या नजरेनं जग पुसतोय!"

"पुसू दे. नापास!"

बसका नापास, दोरीवाला नापास. यादीतले दहाच्या दहा नापास! दत्ताभाऊंनी कपाळाला हात लावला. "सर, थोडं ग्रेस द्या की राव. एवढं कडक कुठं आसतंय?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात बोलले. "दत्ताभाऊ, माझ्या शाळेचं छप्पर गळायचं. मी नोकरीभर अर्ज केले. वरच्या ऑफिसात एकेक माणूस असा की एका सहीत छप्पर बसलं असतं. चहा पाजायचे, अर्ज ठेवून घ्यायचे. पोरं दप्तर डोक्यावर धरून पाढे म्हणायची. हातात ताकद असून बसून राहणाऱ्याला मी मार्क देऊ?"

दत्ताभाऊंनी लाल पेन उचललं आणि स्वतःच दहाही नावांपुढे 'नापास' लिहिलं. मला तेव्हा सरांचा अभिमान वाटला, आणि त्या न बघितलेल्या ऑफिसातल्या माणसांचा इतका राग आला की दुपारचं जेवण गेलं नाही.

* * *

ज्योती मूळची घाटघरची. आमच्या गावात मेडिकल दुकानात काम करते. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद असतं, मग घरी जायची गाडी येईपर्यंत ती ग्रंथालयात. ह्याच अंकांवर तिचं इंग्रजी सुधारलं. आता दत्ताभाऊंना तीच वाचून दाखवते.

यादी वरपासून खालपर्यंत वाचून ती म्हणाली, "ह्यात एक पण बाई न्हाई?"

दोघं यादीवर परत बोट फिरवायला लागले, तशी ज्योतीच म्हणाली,

"एक हाये की! पुसता पुसता पुसणाऱ्यानं फाडलेली जगं जी शिवते ती. एक्केचाळिसाव्या अंकात हाये, मी वाचलाय."

"पान दाव," दत्ताभाऊ म्हणाले.

कपाट उघडलं. चाळीस होता, बेचाळीस होता. एक्केचाळीस नाही! डॉक्टरांच्या पत्नीला मी शब्द दिला होता.

"पान नसंल तर नाव न्हाई," दत्ताभाऊंनी नियम सांगितला.

ज्योती उसळली. "जग पुसायला काय अक्कल लागती का काका? कुणी बी पुसंल. शिवून दावा म्हणावं एकाला तरी!"

तो अंक सापडला चार दिवसांनी. आमच्या ग्रंथालयाचे अध्यक्ष अण्णा, त्यांचं खताचं दुकान आहे. घरच्या तुळशीला औषध आणायला मी गेले, तर त्यांनी ज्या खणातून बाटली काढली त्या खणात खाली कागद अंथरलेला. त्या कागदावर शिवणारीचा चेहरा आणि चेहऱ्यावर बाटल्यांच्या बुडाचे गोल डाग. अंक न नोंदवताच नेला होता आणि फाडून खणांत अंथरला होता!

"अण्णा, हा ग्रंथालयाचा अंक आहे!"

"अवो ताई, चित्रंच हायेत की ती. एवढं काय त्यात?"

मी औषध तिथेच ठेवलं, खणातल्या सगळ्या बाटल्या काउंटरवर काढल्या, पान उचललं आणि निघून आले. वाटेत रडू आलं. रागाचं रडू फार वाईट, थांबवता येत नाही.

रविवारी ते पान टेबलावर ठेवलं. औषधाचा वास येत होता. दत्ताभाऊंनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, उलटून पाहिलं.

"फाटलंय," ते म्हणाले. "पर नंबर दिसतोय. चालंल."

कांबळे सरांनी लाल पेन काढलं. ताकदीचे चाळीस. कामाचे पन्नास. यादीत पास झालेली ती पहिलीच.

* * *

बाटल्या काढल्याचा राग अण्णांनी मनात ठेवला असावा. महिनाभरात बैठकीचा अजेंडा आला. विषय: रद्दी. पोरकट चित्रांचे अंक विकून कपाट मोकळं करायचं आणि त्यात अण्णांना मिळालेली सत्काराची स्मृतिचिन्हं ठेवायची. मी अजेंडा तीनदा वाचला. डॉक्टरांच्या पत्नीला आता काय तोंड दाखवू?

बैठकीला गाव नेहमीपेक्षा जास्त जमलं, कारण पंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि अण्णा उभे राहणार होते. पुढच्या रांगेत टाळकरी मंडळी, मागे बायका. ज्योती, दत्ताभाऊ आणि कांबळे सर कपाटाला टेकून उभे.

मी बोलले. डॉक्टरांचं बोलले, त्यांच्या पत्नीचं बोलले. आवाज चढला. अण्णा सगळ्यांकडे बघून हसले.

"ताई, तुमी म्हणता ना त्यात लई ताकदवान देव हायेत? मंग सांगा त्यांना, वाचवा म्हणावं सोताला!"

लोक हसले. पण ठरावाचा कागद मीच नियमाप्रमाणे तयार केला होता, तो मी अण्णांपुढे ठेवला. पुस्तकं बाद करायची तर त्यांचा विभाग आणि संख्या लिहावी लागते, आणि अध्यक्षांनी ठराव मोठ्याने वाचून सही करावी लागते.

अण्णांनी पेन काढलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. "आपल्या ग्रंथालयातील खालील ग्रंथ रद्दीत विकण्यास ही सभा मंजुरी देत आहे. विभाग, धार्मिक. एकूण दोनशे बारा..."

थांबले.

पुढच्या रांगेतल्या टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"धार्मिक?" अण्णा माझ्याकडे वळले. "हे कुणी लिवलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं, अण्णा. कपाट आलं त्या दिवशी मी विचारलं, हे कुठल्या विभागात नोंदवू? तुम्ही मोबाइलमधून मान वर न करता म्हणालात, काय हाये त्यात? मी म्हटलं, देव आहेत. तुम्ही म्हणालात, मंग धार्मिक! मी तसंच नोंदवलं. खाली तुमची सही आहे." आणि रजिस्टर उघडून पान दाखवलं.

रद्दीवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. तो दारात तराजू घेऊन उभा होता. त्याने तराजू हळूच खाली ठेवला आणि चपला काढल्या.

"म्होरं वाचा, अण्णा," दत्ताभाऊ म्हणाले.

अण्णांनी कपाळ पुसलं. कांबळे सरांकडे आशेने पाहिलं. "सर, तुमी तरी सांगा की ह्यांना. तुमी शिकलेली माणसं."

कांबळे सर दोन पावलं पुढे आले. "अध्यक्ष, मी देव मानत नाही. माझी काही हरकत नाही. तुम्ही मानता. करा सही."

अण्णांच्या हातातलं पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर थांबलेलं. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, पुढच्या रांगेकडे पाहिलं, परत कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वाकून अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, ह्यातला कोपणारा कोणता?"

मी तोंड उघडायच्या आत ज्योतीने, दत्ताभाऊंनी आणि कांबळे सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं.