साडूंची हुकलेली खरेदी

माझ्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या ओमानात, मस्कतपासून सलालापर्यंत, शोधून सापडला नसता. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली त्यांची आणि धाकटी माझी, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायचो आणि ते मला भाऊ. मस्कतच्या अल मवालेह वस्तीत एकाच इमारतीत ते वर आणि आम्ही खाली असे आठ वर्षं राहिलो, त्यामुळे त्यांची भीती मला नुसत्या पावलांवरून कळायची. सकाळी कामावर निघताना ते जिना उतरायचे, गॅसचं बटण बघायला परत वर जायचे, पुन्हा उतरायचे आणि खालच्या पायरीवर थांबून खिशातलं निवासी कार्ड चाचपायचे. त्या कार्डाची एक झेरॉक्स पाकिटात, एक गाडीत, एक ऑफिसच्या खणात आणि एक आमच्या कपाटात असायची. मळक्या गाडीला दंड होतो असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून गाडी धुवायला नेण्याआधी ती ते घरीच पुसून घेत. राउंडअबाउटवर तिन्ही बाजूंच्या गाड्या संपेपर्यंत ते थांबत, आणि त्यांच्या ऑफिसकडे जाणाऱ्या बरक्याच्या रस्त्यावर गाड्या कधी संपत नाहीत. एका दिवाळीला सासूबाईंनी दिलेल्या अनारशांवरची खसखस त्यांनी विमानतळावर बसून चमच्याने खरवडून काढली, कारण आखाती देशांत खसखस चालत नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. मग त्या खरवडलेल्या खसखशीचं काय करायचं, या काळजीत विमान चुकता चुकता राहिलं. फार घाबरले की त्यांची एरवीची इंजिनियरी मराठी गळून पडायची आणि भाषा थेट अकोल्याला जाऊन पोचायची.

असा हा माणूस बरक्यातल्या एका कंपनीत परचेसला होता. शेतीचे पंप, पाइप, ठिबकचं सामान असा तिथला धंदा. आणि आपल्या कामात भाऊजी वाघ होते. तीस वर्षं जुन्या, बनवणारी कंपनीसुद्धा विसरून गेलेल्या पंपाचा एक दातेरी गियर त्यांनी कोइम्बतूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराला शोधून त्याच्याकडून घडवून आणला होता. मालकाच्या, म्हणजे तिथल्या भाषेत अर्बाबच्या, जुन्या जीपच्या दाराची कडी त्यांनी कुठून मिळवली ते आजही कुणाला ठाऊक नाही. भीतीमुळेच हे जमत असावं असं मला वाटतं. वस्तू मिळाली नाही तर काय होईल, या धास्तीने ते जगातल्या शेवटच्या दुकानापर्यंत जाऊन पोचत.

अर्बाबचे वडील खाबुरा नावाच्या गावी आपल्या खजुरांच्या बागेत राहत. सगळे त्यांना शायब म्हणत, म्हणजे म्हातारबाबा. तरुणपणी ते मुंबईला गलबतावरून जा-ये करायचे, त्यामुळे हिंदी उत्तम. दर गुरुवारी ते ऑफिसात येऊन बसत, काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत आणि लोकांची विचारपूस करत. अशाच एका गुरुवारी, मला वाटतं दोन हजार चौदाचा हिवाळा असावा, ते भाऊजींच्या टेबलासमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले की मला एक 'बम्ब' पाहिजे, 'बम्ब अॅक्शन', आणि तू सगळं मिळवतोस म्हणून तुलाच सांगतो.

अरबी बोलणाऱ्याच्या तोंडात 'प'चा 'ब' होतो, हे भाऊजींना पंपाच्या धंद्यात रोज ऐकून माहीत होतं. पण त्या क्षणी ते सगळं विसरले आणि त्यांना बॉम्बच ऐकू आला. ते उठून हात धुवायला गेले आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला. "भाऊ," ते म्हणाले, "मले काही झालं तर पोरीची शाळा तेवढी पाहजा." मी गाडी काढून बरक्याला पोचेपर्यंत उलगडा झाला होता. शायबना रायफल हवी होती. साधी नव्हे, पंपवाली. म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन गोळी आत बसते, तशी. खाबुऱ्याकडे ईदला आणि लग्नाला नेमबाजीच्या पैजा लागतात आणि शायब तिथले एकेकाळचे नामांकित. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा डोळा गेला. आता बंदूक डाव्या खांद्याला लावावी लागे, आणि नेहमीच्या रायफलीचा गोळी भरायचा खटका तर उजव्या बाजूला असतो. दर गोळीनंतर डावा हात घोड्यावरून काढून वरून पलीकडे न्यायचा म्हणजे नेम मोडलाच. पंपवालीत घोड्यावरचा हात जागचा हलत नाही. अशी एक त्यांनी फार पूर्वी तेलाच्या कामावर आलेल्या एका अमेरिकन माणसाकडे पाहिली होती. लायसन्स होतं, मुलाची हरकत नव्हती. हवी होती ती फक्त वस्तू.

भाऊजींची त्या आठवड्यात झोप उडाली, आणि त्याला पोलिसांचं भय हे अर्धंच कारण होतं. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी शेजारी शेजारी होत्या आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर उभं राहून ते पंचशील म्हणत. जीवहिंसा करणार नाही, हे त्यातलं पहिलंच. शस्त्रांचा व्यापार तर माणसाने करूच नये असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही विकताय कुठे, तुम्ही तर घेताय. ते म्हणाले, "घेणारा नसेल तर विकणारा कुठून येईल, भाऊ?" शेवटी त्यांनी धीर करून शायबनाच विचारलं की तुम्ही मारणार काय? शायब हसले. शिकारीला बंदी आहे, ते म्हणाले, आणि नसती तरी मी जन्मात पांढरा दगड आणि कागद यांच्याशिवाय काही मारलेलं नाही. तेव्हा कुठे भाऊजींनी फाइल उघडली. तिच्यावर नाव घातलं 'पंप, इतर'.

बंदुकीच्या दुकानात एकटं जाणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून मी बरोबर गेलो. अर्बाबचं शिक्क्याचं पत्र आणि लायसन्सची प्रत छातीशी धरून, रिकामा हात सगळ्यांना दिसेल असा बाहेर ठेवून ते दारातच उभे राहिले. काउंटरवरचा माणूस निघाला दापोलीचा. त्याने आमची मराठी ऐकून खुर्च्या दिल्या आणि काम ऐकून घेतल्यावर नकारार्थी मान हलवली. "पंपवाली छऱ्याची बंदूक वेगली, ती कंपन्या ढिगानं बनवतात," तो म्हणाला. "पन मोठ्या गोलीची, रायफलची पंपवाली? ती नाय भेटत, भाई." मग त्याने समजावून सांगितलं. जिच्या बुडाच्या मधोमध ठिणगी पडते अशा मोठ्या गोळीची पंपवाली रायफल बनवणारे जगात मोजकेच, तेही बहुतेक अमेरिकेत. त्यातल्या बऱ्याचजणांनी ती बंद केलेली. जुनी मिळाली तर तिकडून बाहेर काढायची परवानगी, इकडे आणायची परवानगी, आणि तिच्या मापाची गोळी इथे मिळायला हवी ती वेगळीच.

पुढचे आठ महिने भाऊजींनी त्या दापोलीवाल्याच्या मार्फत शोध चालवला. कुणी कळवे की हे मॉडेल बंद झालं, कुणी म्हणे आम्ही देशाबाहेर पाठवत नाही, कुणाकडे होती पण कालच गेली. प्रत्येक उत्तर आलं की भाऊजी ते आधी मला वाचायला लावत आणि मी मान डोलावली की मगच स्वतः वाचत. डाव्या हाताच्या माणसासाठी उलट्या बाजूला खटका असलेली साधी रायफल मागवता येईल असंही दुकानदाराने सुचवलं, पण शायबना ते पटेना. डाव्या हाताला या वयात नवीन विद्या कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. दर गुरुवारी ते विचारत, आणि भाऊजी कोणत्या देशातून काय नकार आला ते सविस्तर सांगत. शायब ती हकिकत गोष्ट ऐकावी तशी ऐकत. मला वाटतं, दोघांनाही गुरुवारची वाट पाहायची सवय लागली होती.

मग शायबनी आम्हा दोघांना खाबुऱ्याला जेवायला बोलावलं. जेवणाआधी ते आम्हाला बागेमागे घेऊन गेले. कोरड्या ओढ्याच्या काठी मातीचा उंचवटा होता आणि त्यावर पांढरा दगड. आपली अडचण दाखवायची म्हणून त्यांनी जुनी रायफल डाव्या खांद्याला लावली, गोळी भरली आणि नेम धरला. नळी दगडाकडे गेली, थांबली, मग हळूहळू डावीकडे सरकू लागली. उंचवट्याच्या बाजूला गवताच्या वाफ्यात पांढरा बनियन घातलेला बागेतला कामगार वाकून काम करत होता. नळी त्याच्यावर येऊन स्थिर झाली. राउंडअबाउटवर दहा-दहा मिनिटं थांबणारे माझे साडू दोन पावलं पुढे गेले, त्यांनी त्या नळीवर हात ठेवला आणि ती खाली जमिनीकडे केली.

"शायब," ते अगदी सावकाश म्हणाले, "खाना ठंडा हो जाएगा."

शायबनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वाफ्याकडे. वाफ्यातला माणूस तेव्हाच उभा राहून घाम पुसत होता. शायबनी गोळी काढली, रायफल बागेच्या भिंतीला टेकवली आणि आम्ही जेवायला गेलो. परत येताना गाडी मी चालवली. भाऊजी सोहार-मस्कत रस्ता संपेपर्यंत खिशातलं निवासी कार्ड चाचपत होते.

दहाच दिवसांत दापोलीवाल्याचा फोन आला. भेटली होती. जुनी, पण नीट ठेवलेली, सगळे कागद तयार, गोळीसुद्धा मापाची. भाऊजी खाली आमच्याकडे आले आणि चहा न घेता नुसते बसून राहिले. पंचशीलात चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि अर्बाबला सांगायचं काय हा प्रश्न होता. खरं सांगावं तर म्हाताऱ्याचा दुसराही डोळा जातोय हे सगळ्या घराला कळेल, आणि ते सांगायचा हक्क शायबचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला नकार दिला. अर्बाबला सांगितलं की मिळत नाही. असं खोटं आयुष्यात पहिल्यांदा. अर्बाब फार नाराज झाला आणि पुढची मोठी खरेदी त्याने दुसऱ्याकडे दिली.

पण त्या गुरुवारी, काहव्याचे पेले भरल्यावर, भाऊजींनी शायबना खरं ते सांगितलं. रायफल मिळाली होती, मी घेतली नाही, आणि का घेतली नाही. शायबनी पेला संपवून खाली ठेवला. मग म्हणाले, "अच्छा किया. बेटे को मैं बोलूँगा, तुम मत बोलना." मस्कतच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना पहिल्यांदा भाऊजीच घेऊन गेले. काचबिंदू होता. गेलेली नजर येणार नव्हती, उरलेली मात्र थेंब घालून राखता येणार होती. मग दर तीन महिन्यांनी खाबुऱ्याहून मस्कतला नेणं-आणणं भाऊजींकडे आलं. शायब वाटेत म्हणायचे की तुझ्या या चालवण्याने डॉक्टरकडे पोचेपर्यंत माझा डोळा आपोआपच जाईल. तरी ड्रायव्हरबरोबर जायला तयार नसत.

पुढे पाच वर्षांनी भाऊजी कायमचे अकोल्याला परतले. शायब त्याच्या आदल्या वर्षी गेले, थोडी नजर शाबूत असतानाच. परवा फोनवर बोलता बोलता मी सहज म्हटलं, भाऊजी, इतकी वर्षं परचेस केलं, पण तेवढी एकच वस्तू हातची सोडलीत. ते म्हणाले, "मी नाही घेतली हो, पण कोणीतरी घेतलीच असेल ना. त्याची नजर बरी असेल ना, भाऊ?"