मामेसासऱ्यांचा विरोधी पक्ष

देवरी तालुक्यात राहून विलायतेचं सरकार चालवणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मामेसासरे, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. सकाळी रेडिओवर तिथल्या पार्लमेंटच्या बातम्या ऐकायच्या आणि दिवसभर त्यावरून आम्हाला झोडपायचं, हा त्यांचा दिनक्रम. ग्रामसभेला ते मुद्दाम जात, शेवटपर्यंत बसत आणि उठताना म्हणत, "याले चर्चा म्हणता काय? तिकडं प्रधानमंत्र्याले उभा करून सोलून काढतात!" लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मी वरणाला "छान" म्हटलं. लगेच गरजले, "जवाईबापू, विरोधी पक्ष नसला का असंच पाणचट वरण गिळावं लागते!"

नव्व्याण्णव साली तिथल्या वरच्या सभागृहातून वंशपरंपरेनं बसणारे सरदार काढायचं ठरलं, तेव्हा तर त्यांनी कुणाला बोलूच दिलं नाही. "आजा सरदार होता म्हणून नातू कायदे करून राहिला! लाज कशी नाही वाटत?" पुढे तडजोड होऊन ब्याण्णव सरदार तसेच राहिले. "हॅट! भेकडांची सुधारणा," म्हणून त्यांनी रेडिओच बंद केला.

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग तुमी गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष काऊन? तुमचे बाबा गेले अन् तुमी बसले. कोणं निवडलं तुमाले?"

मामेसासरे बंद रेडिओचं बटण फिरवत बसले. मी हसलो, तेही त्यांना दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला; आधी इंग्रजीत, मग कुणाला कळेना म्हणून मराठीत. निवडणूक लागली. आपल्याशिवाय गावात आहे कोण, या खात्रीनं हे उभे राहिले आणि अंगणवाडीच्या ताईंकडून सपाटून पडले. मामींनी मत कुणाला दिलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

वाचनालयाच्या सभेत ताईंनी त्यांना पुढची खुर्ची देऊ केली. हे जाऊन बसले मागच्या बाकावर. खिडकीची कडी, फाटकी पुस्तकं, कशावरूनही दर सभेला ताईंची हजेरी घेत. ताई सगळं वहीत लिहून घेत आणि पुढच्या सभेपर्यंत कडी बसलेली असे. "हे बाई भांडतच नाही," ते माझ्याकडे हिरमुसून तक्रार करत.

शेवटच्या वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं. मी गेलो होतो त्या सभेत त्यांनी रीतसर हात वर केला, बाकाला धरून उठले आणि काय बोलायचं तेच विसरले. कुणीतरी हसलं. ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, मग मोठ्यानं म्हणाल्या, "बोला गुरुजी. आमी थांबून राहिलो."

ते बराच वेळ तसेच उभे राहिले. कुणीच घाई केली नाही.