सोलापुराहून मालेगावचं भाडं

नगर सोडलं तेव्हा आमच्या ट्रकच्या पाठीवर इतक्या सळया होत्या, की त्यांतून चंद्रापर्यंत जिना झाला असता आणि वर कठड्यालाही उरल्या असत्या. गाडी हणमंताची. मालक तोच, चालकही तोच, मी नुसता सोबतीला. बाजूला फळ्या नाहीत, वर छप्पर नाही, नुसती सपाट पाठ. एवढं धूड हाकणारा माणूस महिन्याला लाखभर तरी खिशात टाकत असणार, अशी माझी खात्री होती. करमाळ्याला हणमंताच्या बायकोने, सवितावहिनींनी, घरून दिलेल्या भाकरी आणि शेंगाचटणीवर ताव मारताना मी तसं बोललोही. हणमंता असा हसला, की गाडी दोनदा रस्ता सोडून शेतात डोकावून आली.

सोलापुरात ऊन असं, की सावल्याच सावली शोधत होत्या. माल उतरल्यावर हणमंताने नव्या पेठेतून एक लाल झबलं घेतलं. उद्या करमाळ्यात लेकीच्या मुलीचं बारसं, इवाई (व्याही) येणार. आता फक्त परतीचं भाडं हवं होतं. रिकामी गाडी घरी नेली, तर डिझेल आणि टोल कमावलेलं खाणार आणि गाडीचा हप्ता चुकणार.

दलाल कादरभाईंकडे माल होता. जुने यंत्रमाग, मालेगावला. वाट करमाळ्यावरूनच. हणमंता खुर्चीत असा पसरला, जणू त्याला घरच नाही. दलालापुढे घाई दाखवायची नसते.

"टनाला नऊशे," हणमंता म्हणाला.

"साडेआठशे. बस्स."

हणमंता मान डोलावणार, तोच फोन वाजला. इंजिनाच्या धडधडीत ऐकू येत नाही, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर. वहिनींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "अवो, कवा निघताय? उद्या बारसं हाय की! गाडी रिकामी आली तरी चालंल, पण या!"

कादरभाईंचा चेहरा उजळला. "मुबारक हो हणमंता! साडेसहाशे."

"आत्ता साडेआठशे म्हणालात की!"

"तवा तुला नात न्हवती."

मी मनात हिशेब मांडला. डिझेल, टोल, दलाली, वाराई (माल चढवण्याची मजुरी). उरलं ते बघून वाटलं, आपण चुकलो. पुन्हा मांडला, तर आणखी कमी उरलं! माझा लाख रुपयांचा माणूस चहाच्या पैशांवर आला होता.

हणमंताने बाहेर जाऊन घरी फोन लावला. "तू बोललीस आन टनामागं दोनशे गेलं." पलीकडून फोन कट.

आम्ही पुन्हा आत बसलो. चहा अर्धा झाला, तोच स्पीकर कडाडला. "ऐकलं का? बारसं म्होरल्या आठवड्यावर ढकललंय. चांगलं भाडं घावल्याबिगर तितनं हलू नगा!"

कादरभाईंची बशी ओठाशीच थांबली. "हणमंता, दलाल तर तुज्या घरात बसलाय रे! चल, आठशे."

माग चढले, दोर आवळले. शहर मागे पडताच हणमंताने गाडी कडेला घेऊन फोन लावला. "काय नाटक केलंस गं! भाडं घावलं. सकाळी घरी येतो. बारसं ठरल्यापरमाणं."

"कसलं नाटक? खरंच ढकललंय. समद्यांला फोन केलं."

हणमंताच्या तोंडावरचा रंग उडाला. "इवायांना बी? अगं, भाड्यापायी बारसं मोडलं म्हणतील! पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल!"

"त्यांनाच आधी केला. लई हरकलं. ते बी विजापुरात गाडी लावून बसल्यात. परतीचं भाडं न्हाय. उद्या येता येत न्हाय, हे आपल्याला कुठल्या तोंडानं सांगावं, म्हणून दोन दिस फोनच करत न्हवते."

हणमंताने फोन खिशात घातला आणि गाडी मोहोळच्या वाटेला लावली.

सकाळी करमाळ्यात नात पाळण्यात बिननावाची झोपली होती. हणमंताने तिच्या मुठीत बोट दिलं, उभ्याउभ्या चहा घेतला आणि गाडी सुरू केली. मालेगावला उशीर झाला, तर भाडं कापतात.

मी नगरला उतरलो. घरी आल्यावर उन्हापासून चटणीपर्यंत सगळं फुगवून सांगितलं. हे बारशाचं तेवढं जसंच्या तसं सांगितलं, कारण फुगवायला जागाच सापडेना. हल्ली रस्त्याकडेला रिकामी सपाट गाडी उभी दिसली, की वाटतं, खाली उतरावं आणि विचारावं, दादा, तुमच्या घरी काय पुढं ढकललंय?